इंटरनॅशनल वॉरंटी आहे, दुरुस्ती फुकट आहे, मग हे तीस हजार कसले?

निवृत्तनाथ | ७ जुलै २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बँकेतून सुटून तीन वर्षं झाली. हातात पैसे आले तेव्हा माणूस आयुष्यात एकदाच करतो तसला वेडेपणा मी केला, चार लाख वीस हजारांचा कॅमेरा घेतला. कंपनी युरोपातली, नाव मुद्दाम घेत नाही. मुलगा सिंगापूरला असतो, त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या अधिकृत दुकानातून घेतला आणि सुट्टीवर येताना आणला. पेटीत दोन वर्षांच्या इंटरनॅशनल वॉरंटीचं कार्ड, त्यावर दुकानाचा शिक्का, कॅमेऱ्याचा नंबर, सगळं जागच्या जागी.

गेल्या महिन्यात नातीचं बारसं झालं. रात्री फोटो संगणकावर घेतले तर पाळण्याच्या सगळ्या फोटोंत वरचा एक तृतीयांश भाग काळा. आधी वाटलं लेन्सच्या हूडची सावली. मग आत्या बाळाला कुंची घालतेय तो फोटो आला, त्यात आत्याला डोकंच नाही. लेन्स बदलली, तेच. शेवटी लेन्स काढून खिडकीशी उजेडात धरला आणि बटण दाबलं. आतला पडदा अर्ध्यात अडकतो, जरा विचार करतो आणि मग सावकाश खाली येतो. गावाकडच्या किराणा दुकानाचं गंजकं शटर जसं एका बाजूने आधी उतरतं, अगदी तसं.

इथल्या प्रतिनिधीकडे दाखवला. तिथला मुलगा फार सौजन्याने म्हणाला, ‘काका, वॉरंटीत बसतंय, एक पैसा लागणार नाही.’ माझा जीव भांड्यात पडला. पुढचं वाक्य असं की हे काम मुंबईत होत नाही, कारखान्यात पाठवावं लागेल. जायचा कुरिअर तुमचा, विमा तुमचा, परत येताना कस्टम जे काय लावेल ते तुमचं. अंदाजे २५ ते ३० हजार धरून चला!

मग ती ‘इंटरनॅशनल’ वॉरंटी म्हणजे नक्की काय? आणि दुसरं, माझा भाचा आम्सटरडॅमला असतो, सध्या आला आहे, ऑगस्टमध्ये परत जाईल. त्याच्या गळ्यात अडकवून पाठवला तर?

बोरीबंदर | ७ जुलै, रात्री १०:०२

आत्याला डोकं नाही हा दोष कॅमेऱ्याचाच आहे ना, एवढी खात्री आधी करून घ्या.

पितळी_डबा | ७ जुलै, रात्री १०:३१

निवृत्तनाथ, तुम्ही निदान कार्ड दाखवू शकता. मी १९८४ मध्ये मुंबईच्या मुसाफिरखाना बाजारातून यशिका कॅमेरा घेतला होता. दुकानदाराला विचारलं, वॉरंटी? त्याने शांतपणे कॅमेऱ्यात सेल टाकला, एकदा क्लिक करून दाखवलं आणि म्हणाला, चालू आहे ना, हीच वॉरंटी. दुकानाची पायरी उतरलो की ती संपली. तो कॅमेरा अजून चालतो, हा भाग वेगळा. रोल धुऊन देणारा सापडत नाही.

कल्याण_स्लो | ८ जुलै, सकाळी ७:१५

काका, लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे या वॉरंटीच्या भानगडीत दरवर्षी एकदा तरी पाय अडकतो. तुमचं कार्ड खरं इंटरनॅशनल असेल तर तुम्ही नशीबवान. बहुतेक बॉडींची (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) वॉरंटी ज्या देशात विकली त्या देशापुरतीच असते. दुबईहून आणलेली बॉडी इथल्या सर्व्हिस सेंटरवाल्याने नंबर टाकल्याबरोबर ओळखली जाते, आणि मग ‘पैसे देऊन करून देऊ’ हे ऐकावं लागतं. तेही नशीब म्हणायचं. अमेरिकेत निकॉन बाहेरून आलेल्या मालाला पैसे देऊनही हात लावत नाही, असं उघड सांगते. जपानात तर काही कॅमेऱ्यांचा मेन्यूच फक्त जपानी असतो. माझ्या मित्राने टोकियोत १० टक्के कर वाचवून घेतला, आता आयएसओ कुठे आहे हे चित्रावरून ओळखतो.

आपल्याकडे फोर्टात, बोरा बाजारात गेलात की पहिला प्रश्न काय येतो? ‘बिल के साथ या बिना बिल?’ दोन्हींत लेन्समागे आठ-दहा हजारांचा फरक. बिना बिलवाल्यावर ‘शॉप वॉरंटी’ मिळते, म्हणजे दुकानदाराचा कारागीर ती उघडणार. कारागीर चांगले आहेत, नाही म्हणत नाही. एकाने माझ्या ७०-२०० चं झूम रिंग माझ्यासमोर स्टुलावर बसून बसवून दिलं, चहा थंड व्हायच्या आत. पण नव्या मिररलेसच्या सेन्सरला त्याच्याकडून हात लावून घ्यायची माझी छाती नाही.

घेताना पेटीवरचं स्टिकर बघा, एवढं सर्वांनाच सांगतो. आयात मालाच्या पेटीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावीच लागते, वजनमापांच्या नियमात आहे ते. स्टिकर नाही म्हणजे माल बॅगेतून आलाय. आणि पेटीवरचा नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी ताडून पाहा. पेटी एका मालाची, आत दुसरा, हेही पाहिलंय.

सागरगोटा | ८ जुलै, दुपारी १:२०

मी सहारला, मुंबई विमानतळाच्या एअर कार्गोमध्ये कस्टम क्लिअरिंगचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

काका, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. मुलाने कॅमेरा आणला तेव्हा विमानतळावर ड्युटी भरली होती का? पावती आहे का? लाजू नका, खरं सांगा.

निवृत्तनाथ | ८ जुलै, दुपारी ४:०५

ताई, तुम्ही जखमेवरची खपलीच काढलीत. भरली होती. हा बाबा सरळ रेड चॅनेलला, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत, जाऊन उभा राहिला. पन्नास हजार माफ, उरलेल्या तीन लाख सत्तर हजारांवर साडेअडतीस टक्के. एक लाख बेचाळीस हजार चारशे पन्नास रुपये. इथे अधिकृत घेतला असता तर जेमतेम थोडा महाग पडला असता. मी त्याला तेव्हा ‘हरिश्चंद्राचा अवतार’ म्हटलं होतं, दोन दिवस जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. पावती बहुतेक हिच्या दागिन्यांच्या पावत्यांच्या फाइलीत असेल.

सागरगोटा | ८ जुलै, संध्याकाळी ७:४८

मग आधी ती पावती शोधा आणि मुलाला फोन करून माफी मागा. :)

गळ्यात अडकवून आणलेल्या कॅमेऱ्यावर ड्युटी लागत नाही असा एक समज आहे. वापरायचे कपडे, साबण याला नाही लागत. चार लाखांचा नवा कॅमेरा गळ्यात असो नाहीतर सूटकेसमध्ये, तो मर्यादेच्या वरच आहे. ज्यांनी भरली नाही त्यांचा माल दुरुस्तीसाठी बाहेर पाठवायची वेळ आली की कागद कुठून सुरू करायचा तेच कळत नाही. तुमचा सुरू झालेला आहे.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला माल परत आला की त्याच्यावर पूर्ण किमतीची ड्युटी लागत नाही. ३० जून २०१७ ची ४५/२०१७ क्रमांकाची कस्टम अधिसूचना आहे. तिच्यानुसार दुरुस्तीचा वाजवी खर्च, त्यात घातलेले सुटे भाग, आणि दोन्ही बाजूंचं भाडं आणि विमा, एवढ्याच रकमेवर ड्युटी. माल तोच हवा, मालक तोच हवा, आणि तीन वर्षांत परत यायला हवा.

यात एक मेख आहे आणि तिथेच वॉरंटीवाले फसतात. अधिसूचनेत दुरुस्तीच्या खर्चापुढे स्पष्ट लिहिलंय, ‘हा खर्च प्रत्यक्षात झाला असो वा नसो’. म्हणजे कंपनीने तुम्हाला फुकट करून दिलं तरी कस्टमच्या हिशेबात ते फुकट नाही. शटर बदलायला बाहेरच्या गिऱ्हाईकाकडून कंपनी जे घेईल ते धरणार.

आणि माल तोच आहे हे सिद्ध कशाने होणार? जातानाच्या कागदावरच्या नंबराने. शिपिंग बिलात, म्हणजे माल बाहेर जातानाच्या कस्टमच्या कागदात, कॅमेऱ्याचा नंबर हवा, ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं हवं. व्यक्तिगत वापराचा माल असेल तर आयात-निर्यात कोडही लागत नाही. बरेच लोक घाईत नुसतं कुरिअरच्या काउंटरवर ‘कॅमेरा, जुना’ लिहून पाठवतात, आणि येताना रडत आमच्याकडे येतात. जाताना अर्धा तास वाचवतात तो.

कालव्याकाठी | ८ जुलै, रात्री ११:५५

नेदरलँड्सहून. भाच्याची कल्पना सगळ्यांना सुचते, मलाही मावशीने दोनदा सुचवली आहे. इकडे युरोपात विमानाने येणाऱ्याला ४३० युरोपर्यंतचा माल माफ असतो, त्यावर जाहीर करावं लागतं. भाचा इथला रहिवासी, कॅमेरा मामांचा, किंमत दहा पटींहून जास्त. कोणी अडवलं तर ‘माझाच आहे, जुना आहे’ म्हणायचं, की ‘दुरुस्तीला आणलाय’ म्हणून कागद मागायचे? दोन्हींत त्या पोराचा ताप. एकदा आत आला की मात्र पुढे कारखान्यापर्यंत कस्टम नाही, युरोपीय संघातल्या संघात पार्सल जातं, ते खरं.

सागरगोटा | ९ जुलै, सकाळी ९:१०

बरोबर. आणि आपल्याकडून निघताना विमानतळावर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट मिळतं, म्हणजे परत येताना ड्युटी लागू नये म्हणून. पण ते जाणाऱ्या प्रवाशाच्या पासपोर्टवर. भाचा परत कधी येणार? पुढच्या वर्षी? तोवर तुमचा कॅमेरा त्याच्या कपाटात. सहलीला जाणाऱ्यांनी मात्र हे सर्टिफिकेट नक्की घ्यावं. टी-टूला (टर्मिनल दोनला) रात्री दोन वाजता कस्टमचा माणूस शोधायला कंटाळा येतो, तरी घ्यावं. चेक-इनच्या आधी, कॅमेरा हातात ठेवून.

कल्याण_स्लो | ९ जुलै, सकाळी ९:३०

+१. धंद्यासाठी जाणाऱ्यांना एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं बाहेर नेऊन बिनाड्युटी परत आणायचा कागद. आपल्याकडे फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, वर्षभर चालतं. बाहेरगावच्या लग्नाला दोन बॉडी, पाच लेन्स, चार फ्लॅश घेऊन गेलो तेव्हा एकेका वस्तूचा नंबर टाइप करत बायको रात्रभर बसली होती. तिचंच नाव लिहा खरं तर या धाग्यावर.

ओली_लेन्स | ९ जुलै, सकाळी ११:०२

थोडं विषयाबाहेर. निवृत्तनाथ, पाठवायच्या आधी सगळ्या लेन्स टॉर्च लावून बघा. मी दादरला समुद्राजवळ राहते. जुलैत कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवा होतो तिथे लेन्सची काय कथा. माझी ८५ एमएम वॉरंटीत होती, ऑटोफोकस बिघडला म्हणून दिली, आणि शेरा काय आला? ‘बुरशी आढळली, वॉरंटी लागू नाही.’ कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे मागच्या काचेवर, मला दिसलेही नव्हते. वॉरंटीच्या कार्डात बुरशी, पाणी, वाळू, पडणं हे सगळं वगळलेलं असतं. तेव्हापासून ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट घेतलं, दमटपणाचा काटा ४५ टक्क्यांवर. घरात सगळ्यात कोरडी जागा आता त्याच्या आत आहे, आम्ही बाहेर.

निवृत्तनाथ | ९ जुलै, दुपारी ३:३०

हे वाचून पोटात गोळा आला. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात माळशेजला गेलो होतो. पाऊस होता. कॅमेरा पिशवीत होता, फार तर दहा मिनिटं बाहेर काढला असेल.

बोरीबंदर | ९ जुलै, दुपारी ३:३४

दहा मिनिटं म्हणजे बँकेतली की घड्याळातली?

गवतीचहा | ९ जुलै, रात्री ८:५०

वकिली करतो, पण हा सल्ला फुकटचा आहे, तेवढाच जपून घ्या.

निवृत्तनाथ, प्रतिनिधी काय म्हणाला ते बाजूला ठेवा आणि कार्ड वाचा. पुढचं पान नाही, मागची बारीक अक्षरं. त्यात दोन गोष्टी शोधा. दुरुस्तीचं काम आणि सुटे भाग फुकट, हे सगळेच देतात. वाहतुकीबद्दल वेगळं वाक्य असतं. कुठे दोन्ही बाजू गिऱ्हाईकाच्या, कुठे जायची गिऱ्हाईकाची आणि परतीची कंपनीची, कुठे ‘ज्या देशात घेतला त्या देशातला परतीचा पत्ता असेल तरच’. हे शेवटचं फार लागतं. तुम्ही सिंगापूरला घेतलाय, परत हवाय मुलुंडला.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तुमच्यासाठी वांद्रे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क दोनशे रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. पण इथे तक्रार कोणाविरुद्ध? दुकान सिंगापूरचं. इथल्या प्रतिनिधीने तुमच्याकडून एक पैसा घेतलेला नाही, आणि खर्च तुमचा हे त्याने आधीच सांगितलंय. मला तरी केस दिसत नाही. कॅमेरा इथे बिलाने घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा किंवा पार्ल्याच्या ग्राहक पंचायतीत विचारा, ते लोक नीट ऐकून घेतात. पण चार महिन्यांत वॉरंटी संपतेय, भांडण मागाहूनही करता येईल. आज एक काम करा, दोष कळवणारी मेल कंपनीला पाठवा. तारीख नोंदली जाऊ दे.

निवृत्तनाथ | १० जुलै, सकाळी १०:२०

मेल पाठवली. कार्ड भिंग घेऊन वाचलं. परतीचं भाडं ‘अधिकृत प्रतिनिधीमार्फत आलेल्या मालापुरतं’ कंपनीचं आहे, ड्युटी आणि कर गिऱ्हाईकाचे. म्हणजे थेट कुरिअरने पाठवला असता तर परतीचंही माझ्याच बोडक्यावर बसलं असतं. प्रतिनिधीच्या मुलाने हे सांगितलं नव्हतं, बहुधा त्यालाही माहीत नसावं. मी त्याला दाखवलं तर त्याने कार्डाचा फोटो काढून घेतला.

पावती सापडली. दागिन्यांच्या नाही, मुलाच्या दहावीच्या मार्कशीटच्या फाइलीत होती. हिने मुद्दाम ठेवली होती म्हणे.

सागरगोटा | १० जुलै, दुपारी १:३५

वहिनींना नमस्कार सांगा.

पॅकिंगबद्दल: बॅटरी, कार्ड, पट्टा, लेन्स, काहीही आत ठेवू नका. फक्त बॉडी आणि टोपण. परवाच एकाचं पार्सल सुटी लिथियम बॅटरी आत ठेवली म्हणून स्कॅनरवरून परत आलं, चार दिवस गेले.

मूळ दिमाखदार पेटीत घालून ती आणखी एका मोठ्या खोक्यात घालायचा मोह होतो. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकाराचं वजन यातलं जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, गुणाकार भागिले पाच हजार. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घेतलंत तर सात किलो दोनशे ग्रॅम झालं, आत कॅमेरा पाऊण किलोचा असला तरी. २५ बाय २० बाय २० पुरे, दोन किलो. चारही बाजूंनी दोन-दोन इंच फोम.

आणि किंमत खरी लिहा. ‘कमी लिही, ड्युटी वाचेल’ असं कोणीतरी तुम्हाला सांगणारच. दुरुस्तीच्या मालाची ड्युटी किमतीवर नाही हे वर लिहिलंय, त्यामुळे वाचत काहीच नाही. हरवला तर मात्र लिहिलेल्या रकमेच्या वर एक रुपया मिळणार नाही. विमा वेगळा घ्या, कुरिअरची नुसती जबाबदारी किरकोळ असते.

पितळी_डबा | १० जुलै, रात्री ९:१२

एवढ्यात माझे चार यशिका आले असते.

निवृत्तनाथ | २० सप्टेंबर २०२४, सकाळी ११:००

मंडळी, धागा वर काढतोय. ज्यांनी मदत केली त्यांना शेवट कळायला हवा.

कॅमेरा २४ जुलैला गेला. कुरिअर ९ हजार ४००, विमा ५ हजार ६००. तीन आठवडे काही नाही. मग मेल आली: शटरचा सगळा संच बदलला, सेन्सर साफ केला, पाणी गेल्याची खूण नाही. बोरीबंदर, घड्याळातलीच दहा मिनिटं होती.

परतीचा माल ११ सप्टेंबरला सहारला उतरला आणि कुरिअरकडून मोबाइलवर संदेश आला, ‘ड्युटी ७५ हजार ६००, पैसे भरा, डिलिव्हरी घ्या.’ चार लाख वीस हजारांवर सरळ अठरा टक्के. कंपनीने कागदावर ‘वॉरंटी दुरुस्ती, किंमत शून्य’ लिहिलं होतं, मग यांनी विम्याची किंमत उचलली. मी सागरगोटा ताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्या म्हणाल्या, पैसे भरू नका, उद्या या.

धो धो पाऊस. मुलुंडहून सहारला दीड तास. शिपिंग बिल, २०२२ ची ड्युटी पावती, वॉरंटी कार्ड, आणि कंपनीकडून रातोरात मागवलेलं पत्र की हेच काम वॉरंटीबाहेर केलं असतं तर ६४० युरो झाले असते. पत्राची किंमत मला तिथे उभं राहिल्यावर कळली. अधिकाऱ्याने खोकं उघडायला लावलं, कॅमेरा उलटा करून तळाचा नंबर मोठ्याने वाचला, मी तोंडपाठ पुढचे चार आकडे म्हटले. तो हसला नाही. शिपिंग बिलाशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

हिशेब असा लागला. दुरुस्ती ५९ हजार २००, जायचं भाडं-विमा १५ हजार, यायचं १४ हजार (ते कंपनीने दिलं, तरी धरतात). एकूण ८८ हजार २००. मूळ ड्युटी नाही, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) अठरा टक्के, म्हणजे १५ हजार ८७६. वर क्लिअरिंगचे साडेचार हजार, ताईंनी स्वतःचे काही घेतले नाहीत, ते त्यांच्या ऑफिसचे. सगळं मिळून माझ्या खिशातून ३५ हजार ३७६ गेले. फुकट दुरुस्तीचे.

गवतीचहा | २० सप्टेंबर, दुपारी १२:१५

‘किंमत शून्य’चा घोळ नेहमीचा. पाठवतानाच कंपनीला लिहून कळवायचं की परतीच्या कागदावर दुरुस्तीची वाजवी किंमत वेगळी दाखवा. ते पत्र आधी असतं तर तुमची सहारची फेरी वाचली असती.

सागरगोटा | २० सप्टेंबर, दुपारी १:४०

फेरी वाचली नसती, नंबर तपासायला खोकं उघडलंच असतं. पण नऊ दिवसांतले पाच वाचले असते.

ओली_लेन्स | २० सप्टेंबर, दुपारी २:०५

आता ड्राय कॅबिनेट घ्या काका. पुढचा पाऊस आहेच.

निवृत्तनाथ | २० सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

सांगितलंय. हिने त्यात केशर ठेवायला एक कप्पा आधीच मागून घेतला आहे.

बोरीबंदर | २० सप्टेंबर, संध्याकाळी ६:४१

आणि आत्या?

निवृत्तनाथ | २० सप्टेंबर, संध्याकाळी ७:१८

काल घरी आली होती. तिला म्हटलं, ये, तो फोटो पुन्हा काढू. कुंची आणली, घालायला गेली तर कानांच्या वरच अडकली. बाळाने ओढून काढली आणि चघळायला घेतली. तोच काढला.